तो विषय वेगळा नाही

ताई, मी ४२ वर्षांची आहे. नुकतीच एक कादंबरी वाचली. एका झगमगत्या चित्रपटतारकेने स्टार होण्याआधीचं लग्न जन्मभर लपवलेलं असतं. नवं नाव, नवं गाव, खोटं बालपण. म्हातारपणी सगळं बाहेर येतं. मला तिचा प्रचंड राग आला. जवळच्या माणसांशी इतकी वर्षं खोटं कसं बोलवतं? माझी जुनी मैत्रीण मात्र तिचीच बाजू घेत होती. वाद वाढला आणि ती म्हणाली, "निदान तू तरी बोलू नकोस." ते फार लागलं. महिना झाला, आमचं बोलणं बंद आहे. पहिला फोन मी करावा का? (पुस्तक आता माझी सोळा वर्षांची मुलगी वाचतेय, तिला खूप आवडलंय. तिला माझ्या पहिल्या लग्नाबद्दल माहीत नाही. ह्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांच्या मते तिला सांगायची गरज नाही. पण तो विषय वेगळा.)

अगं, तुझ्या पत्रातल्या त्या कंसापाशी मी थांबले आणि तिथून पुढे मला तुमच्या भांडणात रस उरला नाही. तुझी मैत्रीण बरोबर बोलली. कडक बोलली, पण बरोबर बोलली. यावर तुला माझ्याकडून सांत्वन हवं असेल तर ते मिळणार नाही.

तुझी लेक कुठल्या पानावर आली आहे? कादंबरी तिला आवडली आहे म्हणजे ती भराभर वाचत असणार. एक दिवस ती पुस्तक हातात घेऊन तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, "आई, तू असं काही लपवलं असतंस का गं?" सोळा वर्षांची मुलं असं विचारतातच. तेव्हा तू काय करणार आहेस? आजवर तू फक्त गप्प राहिलीस. त्या क्षणी तुला तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागेल. आणि ज्या बाईला तू महिनाभर शिव्या घालते आहेस, तिच्या जागी तू स्वतः उभी असशील.

तुला एका खऱ्या तारकेची गोष्ट सांगते. लोरेटा यंग ही हॉलिवूडची मोठी अभिनेत्री. १९३५ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या काळात नायक क्लार्क गेबलपासून तिला दिवस गेले. तिला तेव्हा नवरा नव्हता, तो विवाहित. स्टुडिओच्या करारात तेव्हा नीतिमत्तेचं कलम असे, बातमी फुटली असती तर दोघांनाही काम मिळणं मुश्कील होतं. तिने आजारपणाचं कारण सांगून लोकांसमोर येणं बंद केलं, गुपचूप मुलीला जन्म दिला, काही महिने तिला दुसरीकडे ठेवलं आणि मग तीच मुलगी दत्तक घेतल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या पोटची पोर! त्या मुलीचे, ज्युडीचे, कान गेबलसारखेच बाहेर आलेले होते. ते झाकायला तिला टोप्या घालत, आणि सातव्या वर्षी तर कानांवर शस्त्रक्रियाच करून घेतली.

लोरेटाला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. गेबलने आपल्यावर जबरदस्ती केली होती असं तिने म्हातारपणी सांगितल्याचं तिच्या सुनेने २०१५ मध्ये उघड केलं. कुणाच्या लपवण्यामागे काय असतं हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, म्हणून त्या कादंबरीतल्या बाईवरही तू इतक्या घाईने निकाल द्यायला नको होतास.

पण ज्युडीचं बघ. हॉलिवूडमध्ये ती कुजबूज वर्षानुवर्षं चालू होती. तिला ते कळलं १९५८ मध्ये, लग्नाच्या तोंडावर, होणाऱ्या नवऱ्याकडून. त्याला ठाऊक होतं, तिलाच नव्हतं. आईला थेट विचारायचं धाडस व्हायला १९६६ उजाडलं, आणि गेबल १९६० मध्येच वारला होता. ती पंधरा वर्षांची असताना तो एकदा घरी आला होता, तिच्याशी बोलत बसला होता. हा आपला बाप, हे तिला माहीतच नव्हतं. तुझ्या लेकीहून ती एका वर्षाने लहान होती तेव्हा.

तुझ्या घरातही हेच चाललंय. नवऱ्याला माहीत, मैत्रिणीला माहीत, दोन्हीकडच्या थोरांना माहीत असणार. माहीत नाही ते फक्त पोरीला. तुझ्या नवऱ्याला सांगायची गरज वाटत नाही, कारण त्याला सांगून झालंय. या बाबतीत त्याचं ऐकू नकोस.

आणि भीती कसली? हॉलिवूडचीच दुसरी तारका मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मली आणि जन्मभर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मल्याचं सांगत राहिली, कारण मिश्र वंशाची नायिका तेव्हाच्या हॉलिवूडला चालली नसती. या बायकांच्या डोक्यावर स्टुडिओ होते, करार होते, टपून बसलेले पत्रकार होते. तुझ्या डोक्यावर कोण आहे? तुझं एक लग्न झालं होतं आणि ते टिकलं नाही, एवढंच ना? तेव्हा तुझ्यावर काय गुजरलं ते तू लिहिलेलं नाहीस, आणि त्यावरूनच ते सोपं नव्हतं हे मला कळतंय. पण त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही.

तेव्हा तिचं पुस्तक संपायच्या आत तिला सांग. आजच सांगितलंस तर उत्तम. मोठी प्रस्तावना नको, रडून माफी मागणं नको, नाहीतर ती तुलाच समजावत बसेल. लग्न कधी झालं, किती काळ टिकलं, का मोडलं, बाबांना पहिल्यापासून माहीत आहे, हे सरळ सांग आणि गप्प बस. ती चिडेल. लग्नापेक्षा तिला जास्त लागेल ते हे की सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं. चिडू दे. पुढचे कित्येक दिवस ती अधूनमधून प्रश्न विचारेल, दर वेळी उत्तर दे. आणि काहीही झालं तरी "हे कुणाला सांगू नकोस" असं तिला म्हणू नकोस. तू इतकी वर्षं वाहिलेलं ओझं तिच्या पाठीवर द्यायचं नाही.

मैत्रिणीला फोन त्यानंतर. हो, तूच कर. माफी मागायच्या आधी तिला सांग की लेकीला सांगून झालं. इतकी वर्षं तिनेही तुझ्या मुलीसमोर तोंड मिटून ठेवलंय, आता ती सुटली हे तिला आधी कळू दे.