ड्रॉपचं बटण दाबण्याआधी

पत्र : ताई, मी अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टॅटिक्समध्ये (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) कसाबसा ‘सी’ मिळाला. आता डायनॅमिक्सच्या (हलणाऱ्या वस्तूंवरच्या बलांचा विषय) पहिल्या मिडटर्मला १०० पैकी ३८ पडले. या सत्रात एकूण १४ क्रेडिट घेतलेत, त्यात डायनॅमिक्स ३ क्रेडिटचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत तो ड्रॉप करता येईल. मागच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये माझ्या ड्रॉइंगवरून बनवलेल्या ब्रॅकेटचं भोक चुकीच्या बाजूला आलं. मी तीनदा मापं तपासली होती, सगळी बरोबर होती, तरी भोक उलटीकडे. रात्रभर त्याचाच विचार करत होते. इंटर्नशिपसाठी दोन कंपन्यांनी ‘यूएस पर्सन’ नाही म्हणून अर्जच घेतला नाही. रूममेट म्हणते, कॉम्प्युटर सायन्सला बदलून घे. बाबांनी कर्ज काढलंय आणि घरी मी सगळं छान चाललंय असंच सांगते. मी या शाखेच्या लायकीचीच नाही का? – अ.

उत्तर :

प्रिय अ.,

लायकीचं नंतर बोलू. तुझ्या पत्रातलं एक गणित आधी करायला हवं. १४ वजा ३ म्हणजे ११. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट असावे लागतात. पोर्टलवरचं ड्रॉपचं बटण तुला अडवेलच असं नाही. पण परवानगीशिवाय १२ च्या खाली गेलीस तर तुझं एफ-१ स्टेटस मोडतं, आणि ते परत मिळवायचं म्हणजे एक तर रीइन्स्टेटमेंटचा अर्ज, नाहीतर देशाबाहेर जाऊन नव्या आय-२० वर (विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा दाखला) पुन्हा प्रवेश. एका मिडटर्मपायी एवढं ओढवून घेऊ नकोस.

म्हणून सोमवारी सकाळी पहिलं काम, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन तुझ्या डीएसओला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटणं. कमी क्रेडिटची परवानगी असते, पण तिची कारणं ठरलेली आहेत. इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये नाव घातलं जाणं, ही शैक्षणिक कारणं. मार्क कमी पडले, हे त्यांत बसत नाही, आणि दुसऱ्या वर्षात ‘सुरुवातीची अडचण’ पटवून देणं कठीण जातं. अशी परवानगी एका पदवीच्या काळात एकदाच मिळते, तेव्हाही किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात, म्हणून ती जपून वापरायची. वैद्यकीय कारण असेल तर वाट वेगळी आहे: डॉक्टरांचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. तुझी झोप-भूक हरपली असेल तर कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात याच आठवड्यात जा, क्रेडिटसाठी नव्हे, तुझ्या स्वतःसाठी.

ड्रॉप करायचंच ठरलं तर मधला मार्ग आहे. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर सुरू होणारे १-२ क्रेडिटचे छोटे कोर्स असतात. त्यातला एक आधी घ्यायचा, नोंदणी पक्की झालेली पाहायची, डीएसओकडून हे चालेल असा ईमेल घ्यायचा आणि मगच डायनॅमिक्स सोडायचा. हा क्रम उलटा करू नकोस. आणि तो कोर्स वर्गात बसून करायचा असू दे, कारण पूर्णवेळच्या हिशेबात सत्राला फक्त एकच ऑनलाइन कोर्स, तोही ३ क्रेडिटपर्यंतच, धरला जातो.

पण सोडायला हवा का? ते ३८ वरून ठरत नाही. वर्गाची सरासरी किती होती, हे तू लिहिलेलंच नाहीस. या विषयात सरासरी पन्नाशीत असणं नवलाचं नाही, आणि ग्रेड पुष्कळदा कर्व्हवर, म्हणजे वर्गाच्या तुलनेत, ठरते. सिलॅबस उघडून हिशेब कर. समज, मिडटर्म २० टक्क्यांची आहे. मग तुझ्या खात्यात ७.६ गुण जमा आहेत आणि १२.४ गेले. ‘सी’ ला ७० लागत असतील तर उरलेल्या ८० पैकी ६२.४ हवेत, म्हणजे ७८ टक्के. अवघड आहे, अशक्य नाही. फायनलचे मार्क खराब मिडटर्मच्या जागी धरले जातात का, हेही सिलॅबसमध्ये बघ.

दुसऱ्या पारड्यात साखळी आहे. डायनॅमिक्सच्या मागे व्हायब्रेशन्स, कंट्रोल्स आणि पुष्कळ ठिकाणी मशिन डिझाइनही रांगेत असतं. यातला एखादा कोर्स वर्षातून एकाच सत्रात होत असेल तर आज सोडलेल्या ३ क्रेडिटचं एक सबंध वर्ष होऊ शकतं, आणि मग आय-२० ची तारीखही संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते. डिपार्टमेंटच्या फ्लोचार्टवर बाण काढून बघ. माझं मत विचारशील तर, हिशेबात ८५ टक्क्यांच्या आत ‘सी’ मिळत असेल तर सोडू नकोस.

आता ३८ का पडले ते शोधू. तो पेपर उत्तरं न बघता पुन्हा सोडव आणि प्रत्येक चूक कशातली ते समासात लिही: आकृती, समीकरण की आकडेमोड. स्टॅटिक्समधून रडतखडत पुढे आलेल्यांच्या चुका बहुतेक वेळा आकृतीतच असतात. डायनॅमिक्सला एक आकृती पुरत नाही. डावीकडे फ्री बॉडी डायग्राम, त्यात सगळी बलं. उजवीकडे त्याच वस्तूची दुसरी आकृती, त्यात वस्तुमानकेंद्रावर एमए (वस्तुमान गुणिले त्वरण) आणि आय-अल्फा (जडत्वाघूर्ण गुणिले कोनीय त्वरण). मग दोन्हींमध्ये ‘बरोबर’चं चिन्ह. हे केलंस की तीन नेहमीचे खड्डे आपोआप टळतात. न घसरता लोळणाऱ्या चाकाचं घर्षण म्यू-एन (घर्षणगुणांक गुणिले लंब बल) नसतं, ते अज्ञात असतं आणि समीकरणातूनच काढायचं असतं. मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) स्थिर बिंदूभोवती किंवा वस्तुमानकेंद्राभोवती घेतले नसतील तर नुसतं आय-अल्फा लिहून भागत नाही, एमए चा मोमेंटही धरावा लागतो. आणि फिरणाऱ्या दांड्याला केंद्राकडे जाणारं, ओमेगा-वर्ग गुणिले आर (कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या) एवढं त्वरणही असतं, जे घाईत हमखास राहून जातं.

चौथा खड्डा खास आपल्यासारख्या मेट्रिकमध्ये वाढलेल्यांचा. गणितात १० पौंडांचा ठोकळा म्हटलं असतं तेव्हा ते वजन असतं, वस्तुमान नव्हे. त्याला ३२.२ ने (फुटांतल्या गुरुत्वत्वरणाने) भागलं की ०.३११ स्लग हे वस्तुमान. त्यावर निव्वळ ५ पौंडांचं बल लागलं तर त्वरण १६.१ फूट प्रति सेकंदवर्ग. तू वस्तुमानाच्या जागी १० घातलेस तर ०.५ येतं, बत्तीस पटींनी कमी, आणि पुढचं सगळं गणित वाहून जातं. तुझ्या पेपरात एकक बघ. हीच चूक दोनदा सापडली तर तुला विषय कळत नाही असं म्हणताच येणार नाही.

तो पेपर घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. ‘मला काही समजत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘दुसऱ्या प्रश्नात मी या बिंदूभोवती मोमेंट घेतले, इथं चुकलं का?’ असं बोट ठेवून विचार. परीक्षेत पायरीला मार्क असतात, त्यामुळे उत्तर चुकलं तरी दोन्ही आकृत्या पूर्ण काढ. आणि होमवर्कची तयार उत्तरं इंटरनेटवरून उतरवण्याच्या फंदात पडू नकोस. तशा प्रकरणात निलंबन झालं तर मार्कांसोबत स्टेटसही जातं.

ब्रॅकेटबद्दल तू सगळ्यात जास्त ओळी लिहिल्या आहेस, आणि मला त्यात खूप काही दिसलं. मापं तीन वेळा तपासून बरोबर होती आणि भोक मात्र पलीकडे, याचं बहुधा एकच कारण आहे. भारतात आणि युरोपात ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलमध्ये. फर्स्ट अँगलमध्ये वस्तूचा उजवा देखावा समोरच्या देखाव्याच्या डावीकडे आणि वरचा देखावा खाली येतो. थर्ड अँगलमध्ये उजवा उजवीकडेच, वरचा वरच. तू एका पद्धतीने मांडलेले देखावे मशिनिस्टने दुसऱ्या पद्धतीने वाचले, म्हणून भाग आरशातल्यासारखा निघाला. कॅडच्या शीट सेटिंगमध्ये प्रोजेक्शनचा प्रकार बदल आणि टायटल ब्लॉकमधलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह त्याच्याशी जुळतंय ना ते बघ. तिथंच एककही तपास: वर्कशॉपमध्ये ‘पाच थाऊ’ म्हणजे ०.००५ इंच, साधारण ०.१३ मिलिमीटर. पुढच्या खेपेला भाग कापण्याआधी मशिनिस्टसमोर प्रिंट धर आणि ‘हे भोक कुठल्या बाजूला येईल?’ असं विचार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

‘यूएस पर्सन’ ही अट तुझ्या गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही. शस्त्रं, क्षेपणास्त्रं, काही उपग्रह यांच्या तंत्रज्ञानावर आयटार नावाचे निर्यातनियम आहेत. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले यांच्याव्यतिरिक्त कोणालाही ती माहिती परवान्याशिवाय दाखवता येत नाही. ते दार सोडून दे. वाहनं, एचव्हीएसी (इमारतींतली हवा गरम-थंड करणारी यंत्रणा), वैद्यकीय उपकरणं, पॅकेजिंग मशिनरी, घरगुती उपकरणं, सेमीकंडक्टर बनवणारी यंत्रं, इथं मेकॅनिकलचं भरपूर काम आहे. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यामुळे तुला सीपीटीवर (शिक्षणाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी) इंटर्नशिप करता येते. परवानगी आय-२० वर छापून आल्याशिवाय पहिला दिवस भरायचा नाही. कंपनीला त्यासाठी व्हिसा काढावा लागत नाही, हे त्यांच्या एचआरला पुष्कळदा माहीत नसतं, ते तूच शांतपणे सांग. फॉर्ममध्ये पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, असं विचारलं तर खरं उत्तर दे.

कॉलेजच्या फॉर्म्युला एसएई किंवा बाहा (विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धा) टीममध्येही जा. फॉर्म्युला एसएईच्या नियमांत ब्रेक पेडलने २००० न्यूटन सहन करावे लागतात. असं एक पेडल तू डिझाइन करून, कापून, तपासून दाखवलंस तर रेझ्युमेवरच्या त्या एका ओळीवर इंटरव्ह्यूत वीस मिनिटं बोलता येतं.

शाखा बदलण्याचा निर्णय या पंधरवड्यात घेऊ नकोस. शिक्षणानंतरच्या ओपीटीचे (शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी) १२ महिने आणि स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांचे) वाढीव २४ महिने मेकॅनिकललाही मिळतात, कॉम्प्युटरलाही, त्यामुळे त्या बाबतीत बदलून हाती काही येत नाही. स्टॅटिक्सचे क्रेडिट मात्र फुकट जाण्याची शक्यता असते. रात्रभर भोकाचा विचार करणाऱ्या मुलीला मेकॅनिकल आवडत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही सत्राअखेर मन तेच सांगत असेल तर खुशाल बदल, मी तुझ्या बाजूने आहे.

राहिलं घर. बाबांशी शुक्रवारच्या आधी बोल, कारण कोर्स सोडलास तर वाढणाऱ्या सत्राचा खर्च त्यांच्यावरही येणार आहे. लांबण लावू नकोस. “बाबा, डायनॅमिक्सला ३८ पडलेत. डीएसओला भेटले, सरांना पेपर दाखवला, चुका कुठं झाल्या ते कळलंय. कोर्स ठेवला तर असं होईल, सोडला तर असं.” एवढं बोलून थांब आणि त्यांना बोलू दे. फोनच्या आधी सोडवलेला पेपर आणि तो हिशेब समोर ठेव, “मग आता पुढे काय?” हा त्यांचा पहिलाच प्रश्न असेल.

– ताई