दीर्घिका: देवांची वाव

बडोद्याच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘आकाशगंगांच्या रंगपटावरून त्यांचा विकास कळतो’ हे वाक्य शाळेच्या भित्तिपत्रकात चालेल का?

‘कळतो’ चालेल. रंगपटात नट तोंड रंगवतात. प्रकाशाचा असतो तो वर्णपट. पुढे चला.

‘आकाशगंगा’चं अनेकवचन ऐकलं की डोकं फिरतं. आकाशगंगा एकच, आपली. शेजारच्या देवयानीलाही (अँड्रोमेडा) आकाशगंगा म्हणायचं तर दिसेल त्या वावेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, बडोद्याची नवलखी म्हणा! ताऱ्यांच्या अशा प्रचंड समूहांचं सामान्यनाम आहे दीर्घिका. ‘दीर्घ, म्हणून लांबट’ एवढं सांगून हात झटकणाऱ्या पंडितांनी अमरकोश, हा जुना संस्कृत शब्दकोश, उघडलेला दिसत नाही. तिथे स्वच्छ आहे: ‘वापी तु दीर्घिका’. त्याच वापीची गुजरातीत वाव झाली. म्हणजे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी ही अस्सल दीर्घिका. आणि त्याच कोशात स्वर्गातल्या गंगेची नावं बघा: ‘मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका’. सुरदीर्घिका, देवांची वाव! परिभाषा घडवणाऱ्यानं यातला ‘सुर’ तेवढा गाळला, यावर माझी पैज. ‘गॅलेक्सी’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक दुधापेक्षा हे कितीतरी सरस.

शिवाय वावेत उतरावं तसं वर्णपटातही पायरी-पायरीनंच उतरावं लागतं. आधी ५५७.७ नॅनोमीटरची ठळक रेषा वगळा. ती आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची, नवखे तिथेच फसतात. मग ताम्रसृती, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशाचं लाल बाजूला सरकणं: हायड्रोजनची ६५६.३ची रेषा ७२१.९वर सापडली तर ताम्रसृती ०.१, म्हणून सगळ्या तरंगलांबींना १.१ने भागा. आता ६५६.३ला तेजस्वी रेषा दिसली तर तारे अजून जन्मताहेत (केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीच्या वायूचा उजेड नाही ना, हे तपासून). ती नाही, पण ४१०.२ची शोषणरेषा (प्रकाश शोषला गेल्यानं दिसणारी काळी रेषा) खोल आहे, तर हा जन्मसोहळा गेल्या शंभरेक कोटी वर्षांत थांबलाय. दोन्ही नाहीत आणि ४००च्या आसपास निळ्या बाजूचा प्रकाश एकदम घटतो, तर वस्ती म्हाताऱ्या ताऱ्यांची. मात्र जड मूलद्रव्यं जास्त असली की तरुण ताऱ्यांचा प्रकाशही लालसर होतो, धूळ त्यात भर घालते. तेव्हा नुसत्या रंगावरून वय ठोकून देऊ नये.

हो, ‘विकास’ राहिलाच. विकसणं म्हणजे उमलणं. तारे जन्मायचे थांबलेली दीर्घिका कसली उमलतेय? ‘उत्क्रांती’ लिहा. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे देहातून प्राण निघून जाणंही, पण ते भित्तिपत्रकावर नको.