“मी काय केलंय, मॅडम?”

समीर म्हणू त्याला. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. लिहायला त्याची हरकत नाही.) वय चौतीस, नोकरी पुण्यात, गाव सातारा जिल्ह्यात. भाऊबीजेपासून झोप उडाली म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आला होता.

ओवाळून झालं, फराळ चालला होता आणि टीव्हीवर हुंडाबळीची बातमी लागली. हा सहज म्हणाला, “सगळेच पुरुष काही असे नसतात.” त्यावर मोठी बहीण ताट आवरता आवरता म्हणाली, “तुम्ही सगळे सारखेच. आयतं घ्यायचं आणि वर चांगलंही म्हणवून घ्यायचं.”

“मी हुंडा घेतला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. कुठल्यातरी नालायकाने केलेल्या पापात माझा वाटा का धरायचा? मी काय केलंय, मॅडम?”

हाच प्रश्न घेऊन हल्ली बरेच पुरुष येतात. पहिल्या भेटीत मी चूक केली. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे सांगितले: घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ९७. आकडे खरे आहेत, पण दुखावलेल्या माणसाच्या पुढ्यात आकडे टाकायचे नसतात. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या.” पुढची वेळ न घेता निघाला. तीन आठवड्यांनी पुन्हा आला, हे माझं नशीब.

त्या वेळी आधी त्याचं म्हणणं मान्य केलं. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरणं अन्यायाचंच आहे, आणि बायकांनी तो भरपूर सोसलाय. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बाळहत्येचा खटला झाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि विचारलं, बायकांना चिकटवता ते दुर्गुण पुरुषांत नाहीत काय? समीर जरा सैलावला. “मग ताईला सांगा ना हे.”

“ताई आल्या तर सांगेन. पण ‘आयतं’ हा शब्द त्यांच्या तोंडी कुठून आला?”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूहळू निघालं. वडील २०१५ मध्ये गेले. पुढच्या वर्षी चुलत्यांनी वारसनोंदीचं काढलं आणि आईने ताईला सांगितलं, “भावाच्या नावावर करून टाक, माहेर तुटायला नको.” ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. समीर तेव्हा पंचविशीचा. कागद चुलत्यांनी केले, निर्णय आईचा. यानं काय केलं? दुय्यम निबंधकाच्या कचेरीपर्यंत गाडी चालवली आणि परत येताना ताईला पैठणी घेतली.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क असतो हे त्याला ठाऊक होतं का? ऐकून होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा बदलला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्रानं तो हक्क सगळ्या मुलींना दिला. म्हणजे सहीच्या दिवशी ताईचा हक्क पक्का होता. “पण आमच्याकडे सगळ्याच बहिणी सोडतात,” तो म्हणाला, आणि स्वतःच थबकला. इतका वेळ ‘सगळे’ या शब्दावर चिडलेला माणूस आता त्याच शब्दाच्या आडोशाला उभा होता. मी काही बोलले नाही. (मोह फार झाला होता.)

मला अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हुंडाबळीचा दोष समीरचा नाही. त्याबद्दल त्यानं मान खाली घालावी असं मला वाटत नाही. ‘पुरुष असल्याबद्दल माफ करा’ म्हणणारी मुलंही माझ्याकडे येतात. त्यांच्या माफीने घरातलं एक भांडंही घासून होत नाही. पण सातबाऱ्यावर एकट्या समीरचं नाव आहे. ती रीत त्यानं पाडली नाही, तरी मोडायची झाली तर तिथे सही त्याचीच लागणार. ताईचा तो शब्द अख्ख्या पुरुषजातीला उद्देशून होता की नऊ वर्षं गिळलेल्या एका दुपारला, हे मी कसं सांगू? ते तिलाच विचारायला हवं होतं.

त्यानं विचारलं. माघात गावच्या यात्रेला दोघं गेले तेव्हा. “ताई, तुझा हिस्सा तुला हवाय का?”

शेवटच्या भेटीला आला तो काहीसा वैतागलेलाच होता. झोप लागत होती, पण आईनं बोलणं टाकलं होतं आणि बक्षीसपत्राला खर्च किती येतो याची चौकशी चालू होती.

“विहिरीकडचं अर्धं एकर मागतेय, मॅडम. सगळ्यात चांगला तुकडा.” जरा थांबून म्हणाला, “मला वाटलं होतं, ती नको म्हणेल.”