डेबियन १२ वरचे जुने पायथन काढून ३.१३ बसवावे का?

म्हापशाहून आपण विचारले आहे की डेबियन १२ (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) सोबत आलेले पायथन ३.११ (प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती) काढून त्या जागी ३.१३ बसवावे का. कृपया ते काढू नका. ते पायथन आपल्यासाठी नसून प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी आहे. डेबियनमधील कितीतरी साधने त्यावर उभी आहेत आणि ते काढायला सांगितले की एपीटी (डेबियनचे पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन) डेस्कटॉपचा मोठा भागही सोबत काढण्याची परवानगी मागते. ती यादी न वाचता होकार देणारे विद्यार्थी मी फोंड्यात अनेकदा पाहिले आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आधी ३.१३ खरोखर लागते का ते तपासा, कारण बहुतेक लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) ३.११ पुरते. पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारे साधन) प्रणालीच्या पायथनवर थेट वापरल्यावर डेबियन १२ नकार देते, पण तो दोष नव्हे, संरक्षण आहे. तो नकार डावलण्याचा पर्याय वापरू नये. व्हेन्व्हचे पॅकेज एपीटीने वेगळे बसवावे, त्याने प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) तयार करावे आणि सर्व लायब्ररी त्यातच बसवाव्यात. तिथे सुडोची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराची, गरज पडत नाही.

तरीही ३.१३ हवेच असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ते मुळातच आहे. मात्र आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, त्यामुळे संपूर्ण प्रणालीचे अपग्रेड बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस असतानाच, बॅकअप घेऊन करावे.

प्रणाली बदलायची नसल्यास ३.१३ सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधता येते. कंपायलरसोबत (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय आणि एसक्यूलाइट यांची डेव्हलपमेंट पॅकेजे आधीच बसवा. ओपनएसएसएलचे राहिले तरी बांधणी यशस्वी झाल्यासारखी दिसते, पण सुरक्षित जोडणीसाठी लागणारे एसएसएल मॉड्यूल तयार होत नाही आणि पुढे पिपला इंटरनेटवरून काहीच आणता येत नाही. शेवटच्या टप्प्यात मेक या बांधणीच्या साधनाला 'इन्स्टॉल' न सांगता 'ऑल्टइन्स्टॉल' सांगा. 'इन्स्टॉल' पायथन३ हे सामाईक नावही नव्या आवृत्तीला देते आणि ती जिथे बसते ते यूएसआर-लोकल फोल्डर प्रणालीच्या फोल्डरआधी शोधले जात असल्याने टर्मिनलवर त्या नावाने नवीच आवृत्ती चालू लागते. 'ऑल्टइन्स्टॉल' केल्यास ती पायथन३.१३ या पूर्ण नावानेच हाक मारल्यावर चालते. प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही त्याच पूर्ण नावाने तयार करावे.