नागपूरहून छोट्या शहरांना जाणारी विमानं मंदीत टिकतील का?

सगळी नाही, ज्या मार्गावर सरकारी मदत संपल्यावरही लोक पूर्ण भाडं देऊन बसतात, तोच टिकेल. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत कंपनीला तोटा भरून मिळतो तो साधारण 3 वर्षंच. पुढे सत्तरेक सीटांच्या एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाला इंधन, वैमानिक, देखभाल सगळं तिकिटातूनच काढावं लागतं, आणि विमानाचा भाडेपट्टा डॉलरमध्ये! मंदीत दहा-बारा सीटा रिकाम्या राहिल्या की गणित कोलमडतं. 27 एप्रिल 2017 ला, उडानच्या पहिल्याच दिवशी, हैदराबाद-नांदेड विमान सुरू करणारी ट्रूजेट कंपनी 2022 मध्ये बंद पडली ती उगाच नाही. फक्त अंतर बघा: कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेसने अख्खा दिवस जातो, तिथे विमानाला गिऱ्हाईक मिळेल. गोंदियाला नागपूरहून कोण उडत जाणार?