आधी मुलांचा प्रश्न, मग गोष्ट

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघं चुळबुळ करतात, मिस्टर चर्चला फारसे येत नाहीत, आणि घरातल्या रोजच्या प्रसंगांतून विश्वासाचे धडे कसे द्यायचे याची एखादी यादी तुम्हाला हवी आहे. यादी मी देणार नाही. यादी हातात आली की आपण प्रसंगाची वाट बघत बसतो. दूध उतू गेलं की हे वचन, भांडण झालं की ते वचन. मुलांना याचा वास लगेच येतो. संडे स्कूलच्या निमित्ताने इतक्या घरांत जाणं झालं, सगळीकडे हेच दिसलं.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं सातवं वचन आपल्या सगळ्यांना पाठ असतं: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी या गोष्टी बोलत जा. त्याच अध्यायाचं विसावं वचन मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतं. तिथे मुलगा विचारतो की या आज्ञा आणि हे विधी कशासाठी? आणि बापाने द्यायचं उत्तर सुरू होतं ते, आपण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारो राजाचे गुलाम होतो आणि देवाने आपल्याला बाहेर काढलं, या घराण्याच्या गोष्टीने. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या वेळीही क्रम हाच. आधी मुलाचा प्रश्न, मग मोठ्यांची गोष्ट. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे ताई: प्रश्न येऊ द्या, उत्तर गोष्टीने द्या, आणि गोष्ट संपली की गप्प राहा.

पहिली गोष्ट तुमच्या स्वतःच्या घराण्याची असू दे. नगर, जालना भागातल्या आपल्यापैकी अनेकांच्या पणज्या-खापरपणज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. त्यांनी ख्रिस्त का स्वीकारला, गावाने काय केलं, पहिलं अक्षर कोण शिकलं, हे घरातल्या मुलांना माहीत असतं का? बहुतेक ठिकाणी नसतं. आपण लाजतो किंवा विसरतो. आजी-आजोबा हयात आहेत तोवर मुलांना त्यांच्यापुढे बसवा आणि विचारू द्या. अशी एक दुपार लाभली तर ती मोठी मिळकत समजा.

आता रोजच्या प्रसंगांचं. "दादाला जास्त, मला कमी" ही तक्रार तुमच्या घरीही असणारच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट याच तक्रारीची आहे, पण ती भांडणाच्या वेळी काढू नका. सकाळी मुलांना शाळेत सोडताना वाटेत मजूर अड्डा लागत असेल, तर एखादा दिवस गाडी थोडी हळू घ्या. डबा हातात धरून, फावडी-घमेली शेजारी ठेवून उभी असलेली माणसं मुलांना दिसू द्या. हे कशाला उभे आहेत, असं मुलगी विचारेलच. मुकादम येतो, चौघांना घेऊन जातो, बाकीचे तिथेच राहतात. मग सांगा की येशूच्या गोष्टीतही असेच लोक चौकात उभे होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मालक पुन्हा आला आणि त्याने विचारलं, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. त्यांनी तासभरच काम केलं आणि त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली. सकाळपासून राबलेले कुरकुरले.

मग मुलाला विचारा, पाचपर्यंत ज्याला काम मिळालं नाही, त्याच्या घरी चूल पेटण्यासाठी किती पैसे लागतात? तासाचे की दिवसाचे? अकरा वर्षांचं पोर यावर तुमच्याशी वाद घालेल, हे बरोबर नाही म्हणेल. घालू द्या. मालक अन्यायी आहे असं त्याला आज वाटत असेल तर आज ते तसंच राहू दे. सकाळच्या मजुरांनाही तसंच वाटलं होतं आणि शुभवर्तमानात त्यांची कुरकुर झाकून ठेवलेली नाही. उधळ्या मुलाच्या गोष्टीत, परत आलेल्या धाकट्यासाठी मेजवानी दिली म्हणून रुसलेला थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, हेही प्रभूने सांगितलेलं नाही. मग आपल्याला शेवट बांधून द्यायची घाई का?

धाकटीसाठी हरवलेल्या नाण्याची गोष्ट पुरे. कंपासपेटी किंवा कानातलं हरवलं की आधी दिवा लावून, केरसुणी घेऊन तिच्याबरोबर शोधा, न रागावता. लूकच्या पंधराव्या अध्यायातली बाई नाण्याला बोल लावत नाही. ती शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. वस्तू सापडल्यावर गोष्ट सांगा, आधी नको.

एका गोष्टीबाबत मी फार आग्रही आहे. वचनाची छडी करू नका. "आईबापांचा मान राख" हे फक्त चिडल्यावर ऐकू येत असेल, तर मूल ते वचन आईच्या रागासकट लक्षात ठेवतं. प्रेषित पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात मुलांना आज्ञा पाळायला सांगून लगेच बापांना बजावलं आहे की मुलांना चिडवू नका, ती खचतील. दोन्ही वचनं घरात मोठ्याने वाचली जाऊ देत.

मुलगा आता बारा वर्षांचा होत आलाय. त्याच्याबरोबर लूकचा दुसरा अध्याय वाचा. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमात मागे राहिला, आईबाप शोधत फिरले, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. मरीयेने त्याला विचारलं, तू आमच्याशी असा का वागलास? त्याचं उत्तर तिला त्या वेळी कळलं नाही. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. तुमच्या मुलाला या अध्यायात स्वतःची जागा सापडेल, आणि तुम्हालाही.

मिस्टरांबद्दल. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता असं पौल लिहितो. बाप ग्रीक होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. म्हणजे त्या घरीही दोन बायकांनीच हे पेललं होतं. आपल्याकडचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली वर्षं दोघांनाही जड गेली. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून सोवळंओवळं सोडलं, मग पुढचं पाऊल टाकलं. मिस्टरांना मुलांदेखत चर्चवरून टोमणा मारू नका. गोष्ट चालली असताना त्यांना ऐकत बसू द्या.

संध्याकाळची प्रार्थना बंद करू नका, फक्त लहान करा. दहा मिनिटं पुष्कळ झाली. वाचन मुलाकडे, गीत निवडणं मुलीकडे. सुरुवातीला स्तोत्र ११७ घ्या, त्यात दोनच वचनं आहेत. मग १२१, आठ वचनांचं. त्यापुढे १३४पर्यंतची वाटेवरची, म्हणजे यरुशलेमच्या यात्रेची स्तोत्रं घ्या, १३२ सोडलं तर ती सगळी लहान आहेत आणि सुट्टीच्या प्रवासात गाडीतही म्हणता येतात.