नात आठांवर, आजोबा पाचांवर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६८ आहे. माझी अकरा वर्षांची नात मोबाइलवर एक खेळ खेळते. पडद्यावर आकडे विखुरलेले दिसतात, ‘१’वर बोट ठेवताच बाकीचे झाकले जातात आणि मग त्या झाकलेल्या चौकोनांना चढत्या क्रमाने स्पर्श करायचा असतो. ती आठ आकड्यांपर्यंत पोचते, मी पाचांतच अडकतो. हे विस्मरणाचे लक्षण समजावे का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : एवढ्यावरून तसे मुळीच समजू नये. पाहिलेले काही क्षण मनात धरून त्यावर काम करण्याच्या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात, आणि तिची झोळी मुळातच लहान असते. मनात घोकायला वाव नसेल तर तीत साधारण चारच गोष्टी मावतात, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. त्या हिशेबाने आपले पाच कमी नाहीत. कोडे आहे ते नातीच्या आठांचे.

ते खेळाच्या नियमातच उलगडते. ‘१’ला हात लावेपर्यंत आकडे झाकले जात नाहीत, म्हणजे पाहायला हवा तेवढा वेळ मिळतो. बोट अधांतरी धरून ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटते का, हे एकदा पाहावे. ‘वरचा कोपरा, मधला, खालचा’ अशी वाट तोंडपाठ केली की ती निव्वळ दृश्य स्मृतीची परीक्षा राहत नाही. जपानच्या क्योतो विद्यापीठात असाच खेळ खेळणाऱ्या आयुमू या चिंपांझीवरील २००७ मधील प्रसिद्ध प्रयोगात आकडे कमीत कमी २१० मिलिसेकंदच, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, दाखवले गेले, ज्यात नजर फिरवायलाही उसंत मिळत नाही. तरी पाच आकड्यांत तो सुमारे ८० टक्के वेळा बरोबर येई आणि विद्यापीठातले विद्यार्थी बरेच मागे पडत. पुढे भरपूर सराव केलेल्या माणसांनीही ती मजल गाठली, हे मात्र आयुमूच्या कौतुकात सहसा कोणी सांगत नाही.

घरी बरोबरीचा सामना करायचा असेल, तर एकाच रंगाची एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पाने घ्यावीत. त्यांतली पाच चटईवर विखरून मांडावीत, क्षणभर पाहू देऊन दुसऱ्याने ती झटपट पालथी करावीत, आणि खेळणाऱ्याने सारा वेळ मोठ्याने ‘राम राम’ म्हणत राहावे, म्हणजे आकडे जिभेवर घोळवता येत नाहीत. नातीची आघाडी बहुधा तिथे कमी होईल.

वयानुसार ही क्षमता थोडी उतरते, हे खरे. परंतु सराफ्यातून राजवाड्याकडे येताना नेहमीची वाट चुकणे किंवा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे असे काही घरच्यांच्या लक्षात आले असेल, तर खेळातले गुण कितीही असोत, डॉक्टरांना भेटावे.